लाल ठिपका आणि साठचा काटा

"तू चाप झटकतेस," चष्मेवाले लेकीला म्हणाले, आणि तेही नऊ माणसांच्या देखत.

एवढं एक वाक्य त्यांनी गिळलं असतं, तर पुढचे दोन महिने घरात सुखाचे गेले असते. पण दुसऱ्याची चूक दिसली की चष्मेवाल्यांना राहवत नसे. त्यात धंदाच तसा. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारायची आणि 'तुम्हाला नीट दिसत नाही' हे त्यांना पटवून द्यायचं. वीस-बावीस वर्षं हे केल्यावर आपल्याला मात्र सगळं नीट दिसतं, असं माणसाला वाटायला लागतं. आता ह्यात त्यांचा तरी काय दोष?

दर रविवारी सकाळी बापलेक चालत नेमबाजीच्या क्लबात जात. लेक दहा वर्षांची असल्यापासून हे चाललं होतं. आता ती सतरा वर्षांची होती. एअर रायफल एकच, दोघं आळीपाळीनं मारत. घरात लेकीच्या तोंडून दिवसभरात चार वाक्यं निघाली तर खूप. पण जाता-येता त्या पंचवीस-पंचवीस मिनिटांत ती बापाशी बोलायची. कॉलेजमधलं बोलायची, मैत्रिणींच्या भांडणांबद्दल बोलायची, एकदा तर 'मला पुढं काय व्हायचंय तेच कळत नाही' हेही बोलून गेली होती. चष्मेवाले आठवडाभर त्या रस्त्याची वाट बघत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणूनच तिच्या वाढदिवसाला त्यांनी हौसेनं रायफलीवर बसवायची रेड डॉट आणली. नळीच्या वर बसणारी ही एक छोटीशी काच. तिच्यातून बघितलं की समोर लाल ठिपका दिसतो. ठिपका टार्गेटवर ठेवायचा आणि चाप हळूच ओढायचा, झटकला की नेम हुकतो. 'ठिपका जिथं, छर्रा तिथं,' असं विकणारा म्हणाला होता. चष्मेवाल्यांनी ती स्वतः बसवली, छर्रे मारून बघितले, बाजूचा बारीक स्क्रू टिकटिक फिरवत ठिपका आणि छर्रा एका जागी आणला. मग दहा मीटरवरून पाच छर्रे मारले. पाचही मधोमध. मग त्यांनी विजयी मुद्रेनं रायफल लेकीच्या हातात दिली. तिचे पाचही बोटभर डावीकडे गेले.

तेव्हा ते वाक्य आलं.

क्लबातले सर म्हणजे जुन्या वळणाचे गृहस्थ. काचा, ठिपके असल्या लाडांवर त्यांचा विश्वास नव्हता. तरी ते म्हणाले, "अहो, झटका मारणाऱ्याचे छर्रे विखुरतात. हिचे बघा, पाचही एका भोकातून गेलेत."

"एकसारखी झटकते, म्हणून एकाच जागी जातात," चष्मेवाले म्हणाले. सर पुढच्या माणसाकडे वळले.

लेक मात्र एवढंच म्हणाली, "हो बाबा. बरं बाबा."

ज्यांना ती माहीत होती त्यांना हे ऐकून धडकी भरली असती. लेक रागावली की आदळआपट करत नसे. ती अतिशय आज्ञाधारक व्हायची. त्या दिवशी परतीच्या पंचवीस मिनिटांत चष्मेवाल्यांनी सात विषय काढले आणि सातही विषयांना 'हो बाबा, बरं बाबा' असं उत्तर मिळालं.

पुढच्या बुधवारी ती कॉलेजमधून परस्पर क्लबात गेली आणि कपाटातून रायफल काढून सरावाला उभी राहिली. छर्रे पुन्हा डावीकडे. तिनं इकडंतिकडं बघितलं, बारीक स्क्रू चारदा 'टिक' वाजेपर्यंत फिरवला, आणि छर्रे सरळ मधोमध जायला लागले. आपण झटकत नाही, हे तिचं तिला कळलं. पण बापानं लावलेला स्क्रू फिरवला हे सांगायचं कसं? तिनं रायफल कपाटात ठेवली आणि घरी गेली.

रविवारी चष्मेवाल्यांचा पहिलाच छर्रा उजवीकडे गेला. त्यांनी चष्मा पुसला. दुसराही उजवीकडे. आता आपण स्वतः लावलेला स्क्रू, तोही नवा, आपोआप ढिला झाला हे नऊ माणसांत कबूल करायचं म्हणजे पंचाईत. त्यांनी खोकल्याचं निमित्त करून पाठ फिरवली आणि स्क्रू चार 'टिक' उलट फिरवला. मग लेक उभी राहिली, आणि तिचे छर्रे अर्थातच डावीकडे गेले.

"बघ," चष्मेवाले हळू आवाजात म्हणाले, "अजून झटकतेस."

"हो बाबा."

असं सहा आठवडे चाललं. बुधवारी लेक चार 'टिक' इकडं फिरवायची, रविवारी बाप चार 'टिक' तिकडं. बिचाऱ्या स्क्रूला कुणी विचारलं नाही. शेवटी चष्मेवाल्यांनी दुकानातली युक्ती काढली. चष्म्याचा स्क्रू सुटू नये म्हणून त्याच्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडतात. तसा ते दर रविवारी ह्या स्क्रूवरही सोडायला लागले. बाटली बायकोची.

"अहो," बायको म्हणाली, "माझी लाल बाटली अर्धी कशी झाली?"

"चष्म्याच्या स्क्रूला लागतं थोडं."

"आणि माझी रिमूव्हरची बाटली?"

ती मात्र चष्मेवाल्यांनी घेतली नव्हती, त्यामुळे त्यांनी अगदी खरेपणानं "मला काय माहीत?" असं म्हटलं. ती लेकीच्या दप्तरात होती.

बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. गावातली निम्मी माणसं तिच्याकडे गाडी शिकलेली. सगळी तिला मॅडम म्हणत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या डाव्या सीटसमोर पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस चालवत असला की मॅडम त्या सीटवर बसायच्या. पण घरच्या कामाला निघाल्या की त्या चालवायच्या आणि त्या ब्रेकपाशी चष्मेवाले बसायचे. "साठची पाटी आहे, तू पासष्टनं चालली आहेस!" असं म्हणत ते ब्रेक दाबायचे. "साठच आहे हो!" मॅडम म्हणायच्या. हे भांडण लग्नाइतकंच जुनं होतं, म्हणजे बावीस वर्षांचं.

निवड चाचणी रविवारी होती. क्लबातर्फे रेड डॉटवाल्यांचा चौघांचा संघ निवडायचा होता, अंतर दहा मीटर. आदल्या दिवशी सकाळी लेक दुकानात आली. चष्मेवाले काच घासत होते. समोर बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापक नव्या चष्म्याची वाट बघत बसले होते.

"बाबा, उद्या चाचणी देते. नाव दिलंय म्हणून," ती म्हणाली. "त्यानंतर मी रविवारी नाही येणार."

"का गं?"

"मी चाप झटकते ना. मग उगाच कशाला?"

चष्मेवाल्यांच्या हातातली काच खाली पडली आणि फुटली. ती मुख्याध्यापकांची होती. चष्मेवाल्यांचं काचेकडे लक्षच नव्हतं. सात वर्षांचे रविवार त्यांना डोळ्यांसमोर दिसले, आणि पुढचे सगळे रविवार रिकामे दिसले. अशा वेळी माणसानं काय करावं? लेकीला जवळ घ्यावं, 'चुकलो' म्हणावं. चष्मेवाले म्हणाले, "बस खुर्चीत. डोळे तपासू."

लेक बसली. चष्मेवाल्यांनी तिच्या डोळ्यांपुढे भिंगं फिरवली. "हे बरं, की हे बरं? आता हे, की आधीचं?" लेकीनं समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचलीच, वर तक्त्याच्या कोपऱ्यातला छापखान्याचा पत्ताही वाचून दाखवला.

"आता तुम्ही बसा, बाबा."

कितीतरी वर्षांनी चष्मेवाले स्वतःच्या खुर्चीत बसले. चष्मा लावून त्यांनाही शेवटची ओळ स्वच्छ दिसली. छापखान्याचा पत्ता दिसला नाही, पण तो काही परीक्षेला नव्हता.

"म्हणजे डोळे दोघांचे ठीक," ते म्हणाले. "खोट त्या ठिपक्यातच आहे. स्क्रू ढिला आहे, आपोआप फिरतो."

"आपोआप नाही फिरत. मी फिरवते."

"तू? अगं, नेलपॉलिश लावलं होतं मी त्याला!"

"ते तुम्ही होय? मला वाटलं सरांनी लावलं. मी दर बुधवारी पुसत होते."

मुख्याध्यापक मनापासून म्हणाले, "वा! म्हणजे गृहपाठ दोघांनीही केला, फक्त एकमेकांचा खोडला."

चष्मेवाले तडक क्लबात गेले आणि रायफलीवरची रेड डॉट काढून दुकानात घेऊन आले. काउंटरवर काचा धरायचा लहान शेगडा, म्हणजे स्क्रूनं आवळायचा चिमटा, होता, त्यात ती घट्ट आवळली, म्हणजे कुणाच्या हाताचा प्रश्नच नको. मग शेगड्यासकट तिचं तोंड दाराकडे केलं. रस्त्यापलीकडे, चौकाच्या त्या टोकाला औषधांच्या दुकानाची पाटी होती.

"ठिपका 'औषधे'तल्या 'ष'च्या पोटात आहे," चष्मेवाले वाकून म्हणाले. लेकीनं बघितलं. "'ष'च्याच पोटात." मुख्याध्यापकांनाही बघायचं होतं. त्यांनाही 'ष'.

"मग बिघडलंय काय हिचं?" म्हणत चष्मेवाल्यांनी शेगडा उलटा फिरवला आणि आतल्या तक्त्याकडे तोंड केलं. तक्ता सहा मीटरवर. "शेवटच्या ओळीत 'न'वर आहे."

लेकीनं बघितलं. "'ग'वर आहे."

"शेगड्याला धक्का लावलास तू."

"हात मागं बांधलेत मी, बाबा!"

चष्मेवाल्यांनी पुन्हा बघितलं. 'न'. लेकीनं पुन्हा बघितलं. 'ग'. मुख्याध्यापक उठले, जुना चष्मा नाकावर सारखा केला, वाकून बघितलं आणि घाबरून म्हणाले, "मला तर 'म'वर दिसतोय हो! मला मोतीबिंदू झालाय का?"

"'न' आहे!"

"'ग' आहे!"

"एकेकानं बोला, हात वर करून," मुख्याध्यापक म्हणाले, आणि स्वतःच हात वर करून म्हणाले, "'म' आहे."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांचा सकाळचा वर्ग आटोपला होता. एक मुलगी, एक नवरा आणि एक अनोळखी गृहस्थ एका चिमुकल्या काचेवरून तीन अक्षरांसाठी भांडताहेत, हे त्यांनी शांतपणे बघून घेतलं.

"तुम्ही बघताय कुठून?" त्यांनी विचारलं.

"इथूनच की!" तिघंही म्हणाले.

"इथून म्हणजे तीन ठिकाणांहून." मॅडमनी नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. "तुम्ही असे बघताय, मान बाहेर काढून. ही तुमची जाड फ्रेम रायफलीच्या दस्त्याला आपटते ना, ती सवय. आणि ही बघते गाल आत दाबून. पिल्लू, बाबांनी डोळा ठेवला होता तिथं तुझा ठेव."

लेकीनं डोळा जरासा डावीकडे सरकवला. तिच्या तोंडाचा आ झाला. "'न' दिसतोय. बाबा, ठिपका चालत 'न'वर गेला!"

चष्मेवाल्यांनी लेकीच्या जागी डोळा नेला. ठिपका निमूटपणे 'ग'वर जाऊन बसला. त्यांनी डोकं हलवलं, ठिपका हलला. डोकं थांबवलं, ठिपका थांबला.

"पण 'ष'चं काय? तिथं तर तिघांनाही ठिपका एकाच जागी दिसत होता!" चष्मेवाले म्हणाले.

"ते मला नाही माहीत," मॅडम म्हणाल्या. "मला गाडीतलं माहीत आहे. काटा आकड्यांच्या तबकडीला चिकटलेला नसतो, आपल्या बाजूला जरा पुढं असतो. मी समोर बसून बघते, मला साठ दिसतो. तुम्ही डावीकडून तिरके बघता, तुम्हाला काटा पुढच्या आकड्यावर दिसतो. मी रोज शिकवताना तुमच्या त्या जागेवर बसते. रोज पाच जास्त दिसतो मला. बावीस वर्षं सांगतेय."

चष्मेवाल्यांच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. "पॅरलॅक्स!" ते ओरडले. "अगं, हा तर पॅरलॅक्स! कारखान्यात ही काच लांबच्या अंतराला जुळवलेली असते. लांब बघताना डोळा कुठंही असो, ठिपका जागचा हलत नाही. जवळ बघितलं की डोळ्याबरोबर तोही सरकतो. माझा डोळा डावीकडे, तिचा उजवीकडे, म्हणून माझा स्क्रू तिला चालेना आणि तिचा मला! ह्याच्यावर परीक्षेत प्रश्न होता आम्हाला. पंधरापैकी चौदा मार्क होते मला!"

"गेलेला एक मार्क हाच असणार," मॅडम म्हणाल्या.

मुख्याध्यापकांना मोतीबिंदू नव्हता, ह्याचाच त्यांना एवढा आनंद झाला की ते फुटलेली काच विसरून गेले. "म्हणजे लांबच्या गोष्टींवर सगळ्यांचं एकमत," ते जाता जाता म्हणाले, "आणि जवळच्या गोष्टी ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरून बघायच्या. हे मला शाळेत असताना कळलं असतं, तर शिक्षकांच्या खोलीतली निम्मी भांडणं वाचली असती."

ते गेले. उपायही सोपा निघाला: ठिपका काचेच्या मधोमध दिसेल असाच डोळा ठेवायचा. तसा ठेवल्यावर तिघांनाही एकच अक्षर दिसलं. चष्मेवाले गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सांगत, 'काचेच्या मधूनच बघा, कडेनं बघू नका'. तेच स्वतः दोन महिने कडेनं बघत होते.

आता बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. लेक समोर उभी होती, वाट बघत.

"ते... चापाचं म्हणशील तर..." त्यांनी सुरुवात केली. मग ते शेगड्यातली काच पुसायला लागले. "म्हणजे मुद्दा काय, की डोळा मधोमध ठेवायचा."

लेकीचा चेहरा मिटला. "हो बाबा," ती म्हणाली. "बरं बाबा."

चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण ती निघून गेल्यावर.

चाचणी गावाबाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये होती. रविवारी सकाळी मॅडमनीच दोघांना गाडीनं नेलं. लेक मागं बसून खिडकीबाहेर बघत होती. चष्मेवाल्यांनी जाड काळी फ्रेम बदलून बारीक तारेची लावली होती; तिच्यामुळे ते उगाचच चकित झाल्यासारखे दिसत होते. वाटभर त्यांनी ब्रेकपाशी पाय नेला नाही. काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हॉलमध्ये क्लबातली ती नऊही माणसं होती. सरावाचे छर्रे मारून लेकीनं स्क्रू बसवून घेतला, डोळा मधोमध ठेवून. मग सर म्हणाले, "शांतता. आता मोजणीचे छर्रे. कुणीही बोलायचं नाही."

"एक मिनिट," चष्मेवाले म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. सरांच्या भुवया चढल्या. "अहो, नियम आहे!"

"माहीत आहे. पण मी जे बोललो होतो ते ह्या सगळ्यांसमोर बोललो होतो, तर हेही सगळ्यांसमोरच बोललं पाहिजे." ते एक पाऊल पुढं आले. "मी म्हणालो होतो, ही चाप झटकते. ती झटकत नाही. कधीच झटकत नव्हती. मी तिरका बघत होतो. झालं."

कुणीतरी खोकलं. लेकीनं रायफल खाली ठेवली, बापाकडे बघितलं, त्या बारीक फ्रेममुळे चकित दिसणाऱ्या चेहऱ्याकडे, आणि पुन्हा रायफल उचलली. तिचे डोळे भरले होते. नेमबाजाला ते काही फारसं सोयीचं नसतं.

"छान," सर म्हणाले. "आता बाहेर जा."

"अहो पण, तिची पाळी..."

"नियम म्हणजे नियम. बाहेर."

सात वर्षांत लेकीचा रविवारचा एकही छर्रा बघायचा न चुकवलेला तो माणूस मग बंद दारापाशी एका स्टुलावर बसला. आतून एकेक 'टक' ऐकू येई आणि तो बोटं मोजी. वीस 'टक' झाल्यावर दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या.

"काय झालं?"

"चौथी आली. पहिला छर्रा वाया गेला. डोळे पुसत होती."

"माझ्यामुळे गेला गं तो," चष्मेवाले व्याकूळ होऊन म्हणाले.

"हो," मॅडम म्हणाल्या. "पण संघ चौघांचा आहे."

परतताना लेक मागच्या सीटवर मधोमध बसली, पुढच्या दोन्ही सीटांच्या फटीत हनुवटी ठेवून, लहानपणी बसायची तशी. गाडी गावाकडच्या रस्त्याला लागली.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी चालतच जायचं ना? मला एक सांगायचंय तुम्हाला. आईसमोर नाही."

"मी ऐकतेय हं," मॅडम म्हणाल्या.

"चालतच जायचं," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी घाईनं समोर बघितलं. साठची पाटी मागं गेली. सवयीनं त्यांची नजर काट्याकडे वळली. काटा सत्तरवर होता. सवयीनंच त्यांचा पाय ब्रेकवर गेला. मग त्यांना आठवण झाली. त्यांनी पाय काढून सीटखाली घेतला, हाताची घडी घातली आणि समजूतदार माणसासारखं हसून म्हणाले, "साठ. बरोबर साठ आहे."

मॅडमनी काट्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला.

"पाचच वजा करायचे असतात हो," त्या म्हणाल्या. "पासष्ट होता."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच लेक खळखळून हसली, आणि गाडी साठनं घरी आली.